टँगो: जुना कोणता आणि नवा कोणता?



आज आपण एका नाचाचा इतिहास बघणार आहोत. इतिहासाच्या मालिकेत नाच कशाला, असं कोणी म्हणेल. पण जरा विचार करा. लढाया, तह, वंशावळी यांच्या नोंदी कागदावर राहतात. नाच मात्र माणसांच्या अंगात राहतो. एक पिढी नाचायची थांबली, तर पुढच्या पिढीने तो कुठून घ्यायचा? अर्जेंटिनाच्या टँगोवर हीच वेळ आली होती. तिथून तो परत उभा राहिला, आणि त्याच्याबरोबर एक वादही उभा राहिला. खरा, पारंपरिक टँगो कोणता आणि आधुनिक टँगो कोणता?

यूट्यूबवर टँगो शोधलात तर तुम्हाला दोन अगदी वेगळ्या गोष्टी दिसतील. पहिल्या चित्रफितीत रंगमंच असतो, दिवे असतात, बाईचा पाय डोक्याच्या उंचीपर्यंत जातो, पुरुष तिला उचलतो, गरगर फिरवतो. दुसऱ्या चित्रफितीत एक साधं सभागृह असतं. साठी-सत्तरीची जोडपी छातीला छाती लावून, डोळे मिटून, छोटी छोटी पावलं टाकत गोलाकार सरकत असतात. बघणाऱ्याला वाटतं, इथे काही घडतच नाहीये. दोन्हींचं नाव एकच, टँगो. आणि तुमच्या मनात 'सेंट ऑफ अ वुमन' या 1992 च्या सिनेमातला अल् पचिनो असेल, तर तो तिसराच!

मग यातला जुना कोणता? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: म्हाताऱ्यांचा तो जुना, तरुणांचा तो नवा. हे उत्तर इतकं सरळ नाही. ते का नाही, हे बघण्यासाठी आपल्याला सव्वाशे-दीडशे वर्षं मागे जावं लागेल.

नदीकाठची वस्ती

दक्षिण अमेरिकेत रिओ दे ला प्लाता नावाचं नदीचं प्रचंड मुख आहे. त्याच्या एका काठावर अर्जेंटिनाची राजधानी ब्यूनोस आयर्स, दुसऱ्या काठावर उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ. टँगो या दोन्ही शहरांचा आहे.

आधी आकडे बघा. 1869 च्या जनगणनेत अर्जेंटिनाची लोकसंख्या होती सुमारे 18 लाख. 1914 साली ती झाली जवळपास 79 लाख. पंचेचाळीस वर्षांत चौपटीहून जास्त! ही माणसं आली मुख्यतः इटली आणि स्पेनमधून, बोटींतून. 1914 मध्ये ब्यूनोस आयर्स शहरातला जवळजवळ प्रत्येक दुसरा माणूस परदेशात जन्मलेला होता. हे लोक राहायचे 'कॉनव्हेंतिजो' नावाच्या चाळवजा वाड्यांत. मधे एक चौक, भोवती खोल्या, एकेका खोलीत अख्खं कुटुंब किंवा पाच-सहा एकटे पुरुष. आलेल्यांत पुरुषांची संख्या बायकांपेक्षा बरीच जास्त होती.

या शहरात आफ्रिकन वंशाचे लोक आधीपासून होते. 1778 च्या गणनेत शहराच्या लोकसंख्येत त्यांचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं. गुलाम म्हणून आणलेल्या या लोकांच्या नाचगाण्याच्या मेळ्यांना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'टँगो' किंवा त्याच्या जवळचाच शब्द वापरला जायचा. म्हणजे नाव आधी आलं आणि आज आपण ज्याला टँगो म्हणतो तो नाच नंतर.

त्यांचा कांदोम्बे, क्यूबाहून आलेला हाबानेरा, गावाकडच्या गायकांची मिलोंगा, युरोपातले वॉल्ट्झ आणि पोल्का, या सगळ्यांची सरमिसळ झाली. वॉल्ट्झमध्ये जोडपं एकमेकांना धरून नाचतं, पण अखंड फिरत राहतं. टँगोवाल्यांनी काय केलं? ते मधेच थांबले! चालता चालता थबकणं याला म्हणायचे 'कोर्ते', आणि कंबरेतून अंग मोडणं म्हणजे 'केब्रादा'. ही थांबण्याची आणि अंग मोडण्याची लकब कृष्णवर्णीय नर्तकांची. वस्तीतल्या टगेगिरी करणाऱ्या पोरांनी ती उचलली आणि मिठीत घेऊन नाचायच्या नाचात घातली. नंतर जर्मनीहून बांदोनेऑन नावाचं भात्याचं वाद्य आलं. ते पेटीच्या जातीचं आहे, पण हातात धरून ताणायचं. त्याच्या आवाजाने टँगोला त्याची ती हुरहुर दिली.

टँगो वेश्यावस्तीत जन्मला, असं सर्रास सांगितलं जातं. तिथे तो होताच, पण फक्त तिथे नव्हता. चाळींच्या चौकात, नाचाच्या अड्ड्यांवर, रस्त्याच्या कोपऱ्यावर, सगळीकडे तो वाढत होता.

पहिला वाद

आता लक्ष द्या, कारण जुन्या-नव्याचा पहिला झगडा इथेच सुरू होतो.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टँगो पॅरिसला पोहोचला. 1913 साली तर पॅरिसला टँगोचं वेडच लागलं. जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याने त्याच वर्षी आपल्या अधिकाऱ्यांना गणवेशात टँगो नाचायला बंदी घातली. म्हणजे बघा, ब्यूनोस आयर्सच्या चाळीतला नाच बर्लिनच्या राजवाड्यापर्यंत डोकेदुखी ठरला होता!

ब्यूनोस आयर्सचे श्रीमंत लोक तोपर्यंत या नाचाकडे नाक मुरडत होते. पॅरिसने मान्यता दिल्यावर त्यांचंही मत बदललं. पण दिवाणखान्यात आणायचा तर तो धुऊन-पुसून आणायला हवा. मग अंग मोडणं गेलं, गुडघे सरळ झाले, पाठ ताठ झाली, चाल गुळगुळीत झाली. याला म्हणायला लागले 'टँगो लिसो', म्हणजे सपाट टँगो, आणि 'टँगो दे सालॉन', म्हणजे दिवाणखान्यातला टँगो. जुन्या, गुडघे वाकवून, एका बाजूला कलून नाचायच्या पद्धतीला आज आपण 'कान्येंगे' म्हणतो.

जुनी पद्धत जवळून बघायची असेल तर 1933 चा 'टँगो!' नावाचा सिनेमा बघा. तो अर्जेंटिनाच्या अगदी पहिल्या बोलपटांपैकी एक. त्यात ओव्हिदिओ बियांकेत हा नर्तक नाचताना दिसतो. लोक त्याला 'एल काचाफास' म्हणून ओळखत. त्याची ती ठसकेबाज चाल आजच्या 'पारंपरिक' म्हणवल्या जाणाऱ्या टँगोपेक्षा किती वेगळी आहे, हे लगेच कळतं.

म्हणजे आज ज्याला आपण पारंपरिक 'सालॉन' टँगो म्हणतो, तो 1910 च्या दशकात आधुनिक होता! आणि त्या काळच्या जुन्या खोडांना तो बेचव वाटला असेल, तर नवल नाही.

याच सुमारास युरोपात आणखी एक फाटा फुटला. इंग्लंडमधल्या नृत्यशिक्षकांनी 1920 च्या दशकात टँगोची मापं ठरवली: पाऊल कुठे, हात कसा, कोणत्या ठेक्यावर काय. पुढे त्यात मान झटकन वळवण्याची ती प्रसिद्ध लकब आली. स्पर्धांमध्ये दिसणारा 'बॉलरूम टँगो' तो हा. त्याचा वंश तोच, पण तो वेगळ्या घरात वाढला. ब्यूनोस आयर्सच्या वादात तो पक्षकार नाही, म्हणून आपण त्याला इथेच सोडू.

वाद्यवृंदांचा काळ

साधारण 1935 ते 1955 या वीस वर्षांना टँगोचा सुवर्णकाळ म्हणतात. खुआन दारिएन्सो, कार्लोस दि सार्ली, आनिबाल त्रोइलो, ओस्वाल्दो पुग्लिएसे हे चार वाद्यवृंद आजही टँगोच्या कुठल्याही मैफलीत वाजतात.

जुन्या-नव्याचा झगडा संगीतातही होताच. 1920 च्या दशकात खुलिओ दे कारोने टँगो संगीत नाजूक आणि गुंतागुंतीचं केलं. त्या मंडळींना 'नवी फळी' म्हणायचे आणि आधीच्यांना 'जुनी फळी'. पुढे 1935 च्या सुमारास दारिएन्सो आला आणि त्याने जुना, ठाशीव, पायाला ओढणारा ठेका परत आणला. गंमत अशी, की तरुण पोरं नाचायला परत आली ती या जुन्या ठेक्यामुळे. 'लयीचा राजा' हे त्याचं बिरूद तिथूनच.

हा नाच कोण नाचत होतं? सगळं शहर. प्रत्येक मोहल्ल्यात एक क्लब असायचा. तिथे फुटबॉल, बास्केटबॉल, आणि शनिवार-रविवारी नाच. नाचाच्या कार्यक्रमालाही 'मिलोंगा'च म्हणतात. व्हिया उर्कीसा भागातल्या सुंदरलँड आणि सिन रुम्बो या क्लबांची नावं टँगोवाले अजून आदराने घेतात. तिथे जागा मोठी, म्हणून पावलं लांब, चाल ऐटीची, वळणं मोकळी. शहराच्या मध्यभागी मात्र छोटी, खचाखच भरलेली ठिकाणं. तिथे लांब पाऊल टाकायला जागाच नाही, म्हणून घट्ट मिठी आणि छोटी, ठेक्यावरची पावलं. शैलीतला हा फरक कोणी शास्त्र म्हणून काढलेला नव्हता. तो जमिनीच्या क्षेत्रफळातून आला होता.

आणि शिकायची पद्धत? वर्ग नव्हते. मुलगा वयात आला की क्लबातल्या 'प्राक्तिका'ला, म्हणजे सरावाला, जायचा. तिथे सगळे पुरुषच. त्याला आधी बाईची बाजू शिकावी लागे. अनुभवी नर्तक त्याला धरून नेत. महिनोन् महिने असं नाचल्यावर, आपल्याला कोणी नेलं की कसं वाटतं हे अंगात मुरल्यावर, मग तो स्वतः दुसऱ्याला न्यायला शिके. आणि बरा नाचायला लागल्यावरच त्याला मिलोंगाला, बायकांबरोबर नाचायला नेत. मुली घरी शिकायच्या, आई-मावशी-भावांकडून, आणि मिलोंगाला यायच्या त्याही बहुधा आईबरोबर.

या सरावांत दुसऱ्याची नक्कल करणं कमीपणाचं समजलं जाई. प्रत्येकाने आपलं काहीतरी काढायचं. 1940 च्या दशकात कार्लोस एस्तेवेस नावाचा एक बँक कर्मचारी होता. तांबडी वाईन फार प्यायचा म्हणून मित्र त्याला 'पेत्रोलेओ', म्हणजे रॉकेल-पेट्रोलवाला, म्हणायचे. टँगोतल्या गोल गिरक्या आणि त्यांत पायाने पाय बाजूला सारण्याच्या कितीतरी युक्त्यांचं श्रेय त्याला आणि त्याच्या मित्रमंडळीला दिलं जातं. आज या युक्त्या 'पारंपरिक' म्हणून शिकवल्या जातात. तेव्हा त्या ताज्या होत्या.

तीस वर्षांचा खंड

सप्टेंबर 1955 मध्ये लष्कराने राष्ट्राध्यक्ष हुआन पेरॉन यांना पदच्युत केलं. त्यानंतर देशात एकामागून एक उठाव होत राहिले. 1976 ते 1983 ही लष्करी राजवट तर सगळ्यात क्रूर. हजारो माणसं 'बेपत्ता' झाली. रात्री लोकांनी एकत्र जमणं हीच संशयाची गोष्ट झाली.

पण सगळा दोष लष्करावर टाकणं बरोबर नाही. रॉक अँड रोल आला होता, टीव्ही आला होता. दहा-बारा वादकांचा ताफा पोसणं क्लबांना परवडेना. तरुणांना टँगो म्हणजे आई-बापांचा नाच वाटू लागला, आणि आई-बापांचं काही करायचं नसतं हे तर कुठल्याही देशातल्या तरुणांना ठाऊक असतं!

संगीताने या काळात एक वेगळी वाट धरली. आस्तोर पियाझोला, जन्म 1921. लहानपण न्यूयॉर्कमध्ये गेलं. तिथे पोरवयात त्याने महान गायक कार्लोस गार्देलच्या एका सिनेमात पेपर विकणाऱ्या मुलाची छोटी भूमिका केली. पुढे तो त्रोइलोच्या वाद्यवृंदात बांदोनेऑन वाजवत होता. म्हणजे हा बंडखोर थेट परंपरेच्या पोटातून आलेला. 1954 मध्ये तो पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे शिकायला गेला आणि 1955 मध्ये परत येऊन त्याने आठ जणांचा नवा ताफा काढला. त्यात इलेक्ट्रिक गिटारही होती. 'हा टँगोच नाही,' अशी ओरड झाली. पियाझोलाचं संगीत नाचण्यासाठी नव्हतंच, बसून ऐकण्यासाठी होतं. टँगो संगीत सभागृहाच्या खुर्चीत गेलं आणि टँगो नाच घरी बसला.

आता साधा हिशेब करा. 1950 साली वीस-पंचवीस वर्षांचा असलेला नर्तक 1983 साली पन्नाशी ओलांडून गेलेला. त्याच्या मागे शिकणारी पिढीच नाही. क्लबांतले सराव बंद पडलेले. मी सुरुवातीला म्हटलं ना, नाच अंगात राहतो? ती अंगं म्हातारी होत होती.

रंगमंचाने वाचवलं

नोव्हेंबर 1983 मध्ये पॅरिसमध्ये 'टँगो आर्जेंतिनो' नावाचा प्रयोग सादर झाला. क्लाउदिओ सेगोव्हिया आणि एक्तोर ओरेस्सोली हे त्याचे निर्माते. पुढच्याच महिन्यात अर्जेंटिनात लोकशाही परत आली. 1985 मध्ये हा प्रयोग न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेला आणि तुफान चालला.

यातले नर्तक पोरसवदा नव्हते. खुआन कार्लोस कोपेस आणि मारिया निएवेस ही जोडी 1951 सालची स्पर्धा जिंकलेली. हॉलिवूडच्या जीन केलीचे नाच बघून कोपेसने टँगो रंगमंचावर न्यायचं स्वप्न कित्येक वर्षं आधी पाहिलं होतं. दुसरा नर्तक 'विरुलासो'. वजनदार, पोट सुटलेला माणूस, पन्नाशी उलटलेला. पण एल्विराबरोबर तो जमिनीवर उतरला की लोक श्वास रोखून बघत. प्रेक्षकांना वाटलं, हे आपल्यालाही जमेल. जगभरातून लोक टँगो शिकायला निघाले. ब्यूनोस आयर्समधल्या तरुणांनाही आपल्या आजोबांचा नाच नव्याने दिसला.

यात एक मेख आहे. रंगमंचावर प्रेक्षक एका बाजूला बसतो. म्हणून नर्तकाला शरीर उघडावं लागतं, मिठी सोडावी लागते, पाय लांबून दिसेल असा उंच न्यावा लागतो, आणि क्रम आधीच बसवावा लागतो. मिलोंगात यातलं काहीच नसतं. तिथे बघणारा महत्त्वाचा नाही, मिठीतला माणूस महत्त्वाचा, आणि पुढचं पाऊल कोणतं हे त्या क्षणी ठरतं. ज्या प्रयोगाने टँगो वाचवला, त्यानेच जगाला टँगोचं असं चित्र दिलं जे शनिवारच्या मिलोंगात कधीच दिसत नाही.

दोन शाळा

1990 च्या दशकात शिकणारे खूप झाले. शिकवणारे म्हातारे थोडे उरले. आणि या म्हाताऱ्यांना आपण काय करतो ते शब्दांत सांगता येत नव्हतं. तसं शिकवायची सवयच नव्हती. 'असं कर' म्हणायचे आणि करून दाखवायचे. मग तरुणांनी दोन वेगळे मार्ग काढले.

पहिला मार्ग सुसाना मिलर यांच्यासारख्या शिक्षकांचा. त्यांनी शहराच्या मध्यभागातल्या जुन्या मंडळींचा घट्ट मिठीतला, छोट्या पावलांचा नाच नीट निरखला आणि तो शिकवायची पद्धत बसवली. त्याला त्यांनी नाव दिलं 'मिलोंगेरो शैली'. नाव 1990 च्या दशकातलं, नाच 1940-50 चा. जुन्या नर्तकांना आपण अमुक 'शैली'त नाचतो हे कोणी विचारलं असतं, तर ते म्हणाले असते, 'आम्ही टँगो नाचतो.'

दुसरा मार्ग गुस्ताव्हो नावेइरा आणि फाबियान सालास यांचा. ते सरावाला जमायचे आणि जुन्या नर्तकांच्या पावलांची अक्षरशः चिरफाड करायचे. या गिरकीत बाईची पावलं कोणत्या क्रमाने पडतात? पुढे, बाजूला, मागे, बाजूला. मग त्यातल्या प्रत्येक पावलावर पुरुषाचा पाय कुठे कुठे जाऊ शकतो? म्हाताऱ्यांना शंभर युक्त्या पाठ होत्या. या मंडळींनी त्यामागचं व्याकरण शोधलं, आणि व्याकरण हाती आल्यावर आधी कोणी न बोललेली वाक्यंही तयार करता येऊ लागली. मारियानो फ्रुम्बोली, ज्याला सगळे 'चिचो' म्हणतात, याच मुशीतून आला. याला जग 'टँगो नुएव्हो', म्हणजे नवा टँगो, म्हणू लागलं.

स्वतः नावेइरा यांनी मात्र 2009 मध्ये लिहिलेल्या एका लेखात या नावाचा हा अर्थ नाकारला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की नवा टँगो ही एक शैली नाही, 1980 च्या दशकापासून टँगोत जे जे घडत आलं त्या सगळ्या काळाचं ते नाव आहे. म्हणजे या हिशेबाने घट्ट मिठीची 'मिलोंगेरो' शिकवणीसुद्धा नव्या टँगोचाच भाग ठरते!

प्रत्यक्षात फरक काय?

आता आपण फरक एकेक करून बघू. पहिला फरक मिठीचा. पारंपरिक पद्धतीत मिठी एकदा घेतली की गाणं संपेपर्यंत टिकते. घट्ट असो वा थोडी सैल, ती घराच्या चौकटीसारखी. नव्या पद्धतीत मिठी रबरासारखी: उघडते, मिटते, गरजेप्रमाणे लांबते.

दुसरा फरक तोलाचा. सालॉन शैलीत दोघेही आपापल्या पायावर उभे असतात. मिलोंगेरोत दोघे एकमेकांकडे किंचित झुकतात. नव्या टँगोत तोल मुद्दाम घालवतात. बाईला आत, आपल्या अंगावर झुकवून तिचा मोकळा पाय फिरवणं म्हणजे 'व्होल्कादा', आणि दोघांनी बाहेरच्या बाजूला लोंबकळल्यासारखं कलून फिरणं म्हणजे 'कोल्गादा'.

तिसरा फरक जागेचा. मिलोंगात सगळी जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने, रांगेत फिरतात. याला 'रोंदा' म्हणतात. पुढच्याला धक्का लावायचा नाही, मागच्याला खोळंबवायचं नाही. लांब फेकलेला पाय इथे शेजारणीच्या घोट्यावर बसतो. म्हणून नव्या टँगोला मोकळी जागा लागते, आणि म्हणूनच तो मिलोंगांपेक्षा सरावाच्या ठिकाणी, व्हिया माल्कोमसारख्या क्लबांत, जास्त फोफावला.

चौथा फरक संगीताचा. परंपरावाले 1935 ते 1955 मधल्या ध्वनिमुद्रिका लावतात. तीन-चार गाण्यांचा एक संच, त्याला 'तांदा' म्हणतात, आणि दोन संचांमध्ये दुसऱ्याच कुठल्या संगीताचा छोटा तुकडा, तो 'कोर्तिना', म्हणजे पडदा. नव्यावाल्यांना पियाझोला चालतो, आणि 2001 मध्ये गाजलेल्या गोतान प्रोजेक्टचं इलेक्ट्रॉनिक संगीतही चालतं.

पाचवा फरक वागण्याचा. जुन्या मिलोंगात पुरुष उठून बाईच्या टेबलाशी जात नाही. लांबून नजर देतो. तिने नजर दिली तर मान किंचित हलवतो. याला 'काबेसेओ' म्हणतात. यात फायदा दोघांचा. नको असेल तर तिने नजर फिरवायची, चारचौघांत कोणाचा अपमान नाही. काही तरुणांना हे जुनाट वाटलं, ते सरळ जाऊन विचारू लागले. पण पुढे बऱ्याच जणींच्या लक्षात आलं, की न बोलता नकार देण्याची ही सोय चांगलीच आहे.

सहावा फरक भूमिकांचा. आज अनेक ठिकाणी बाई नेते, पुरुष साथ देतो, दोन बाया किंवा दोन पुरुष एकत्र नाचतात, गाण्याच्या मधेच भूमिका बदलतात. हे तर अगदीच आधुनिक, असं वाटतं ना? मग 1940 च्या सरावातला तो मुलगा आठवा. आधी साथ द्यायला शिकलेला, पुरुषांच्या मिठीत महिनोन् महिने नाचलेला. हेतू वेगळा होता, हे खरं. पण दोन्ही बाजू अंगात असल्याशिवाय चांगला नर्तक होत नाही, हे जुन्यांना ठाऊक होतं. वर्गांच्या काळात, पुरुषांनी फक्त पुरुषाची बाजू शिकायची अशी पद्धत पडली, आणि ती परंपरा म्हणून खपली.

परंपरा कोणी ठरवली?

2003 पासून ब्यूनोस आयर्समध्ये टँगोची जागतिक स्पर्धा भरते. तिचे दोन विभाग आहेत. एक रंगमंचाचा. दुसरा आधी 'सालॉन' म्हटला जायचा, आता 'पिस्ता', म्हणजे नाचाच्या जमिनीवरचा. दुसऱ्या विभागात संगीत चालू असताना मिठी सुटता कामा नये, उड्या मारायच्या नाहीत, असे नियम आहेत. 2009 मध्ये युनेस्कोने अर्जेंटिना आणि उरुग्वेच्या संयुक्त अर्जावरून टँगोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

हे सगळं चांगलंच झालं. पण परीक्षक गुण देऊ लागले की काय होतं? हजारो तरुण परीक्षकांना आवडेल तसं नाचू लागतात. सुंदर चालतात, पण एकसारखे चालतात. पेत्रोलेओच्या काळात ज्या गोष्टीला कमीपणा होता, ती नक्कल, आता बक्षीस मिळवून देते. उलट बाजूलाही धोका आहेच. मिठी सोडली, रोंदा सोडली, जुनं संगीत सोडलं, सगळंच सोडलं, तर उरलेल्या नाचाला टँगो का म्हणायचं? तो चांगला नाच असेल, पण नाव उसनं.

टँगोचा सगळा प्रवास बघितला तर एक गोष्ट दिसते. गुडघे वाकले, सरळ झाले. पावलं लांबली, आखूड झाली. ठेका जलद झाला, संथ झाला. मोडलेलं अंग ताठ झालं आणि परत मोडलं. बदललं नाही ते थोडंच: दोन माणसांची मिठी, पाऊल त्या क्षणी सुचणं, आणि आजूबाजूला नाचणाऱ्या इतरांचं भान. प्रत्येक पिढीने या तीन गोष्टी धरून बाकी सगळं बदललं, आणि पुढच्या पिढीने त्या बदलालाच परंपरा म्हटलं. टँगो धोक्यात आला तो कोणी नवं पाऊल टाकलं म्हणून नाही. 1955 नंतर म्हाताऱ्याच्या अंगातून तरुणाच्या अंगात जाणारी वाट तुटली, तेव्हा तो धोक्यात आला.

आज आपल्याकडे मुंबई, पुणे, बंगळुरू, दिल्ली अशा शहरांत टँगोचे वर्ग चालतात. तुमच्यापैकी कोणी तिथे गेलात, तर शिक्षकांना 'तुम्ही जुना शिकवता की नवा?' असं विचारू नका. 'तुम्ही हे कोणाकडून शिकलात, आणि ते कोणाकडून शिकले?' असं विचारा. त्या उत्तरात टँगोचा खरा इतिहास सापडेल. आणि तुम्हाला नाचायचं नसेल, तरी हा प्रश्न तुमच्या घरातल्या एखाद्या आजीला, तिच्या ओव्यांबद्दल किंवा फुगडीबद्दल, विचारायला हरकत नाही. ती वाट चालू आहे तोवरच विचारलेलं बरं.

आज इथेच थांबू. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!